सोलापूरहून थेट लिटल अंदमानच्या लाटांवर जाता येईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो कसा समजले ते तुम्हालाही कळेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, तिशीच्या आसपास आहात, वर्षभर नेमाने तरण तलावावर जाता आणि पंचवीस मीटरच्या चाळीस फेऱ्या न थांबता मारता. ऑलिम्पिकमधलं सर्फिंग पाहिल्यापासून डोक्यात लाटाच आहेत. मे महिन्यात दोन मित्रांना घेऊन दहा दिवस लिटल अंदमानला जायचं आणि तिथेच सर्फिंग शिकायचं, असा बेत आहे. किनारे रिकामे असतात, म्हणजे निवांत शिकता येईल असं तुम्हाला वाटतं. त्याआधी हिप्परग्याच्या तलावात सराव केला तर चालेल का आणि बोर्ड कोणता विकत घ्यावा, हे विचारलं आहे.

मीही सोलापूरचीच. मोहोळजवळच्या आजोळी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे मुलांना पोहणं शिकवते आणि वर्षातले तीन-चार महिने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नवशिक्यांना सर्फिंग शिकवते. याला आता चौदा वर्षं झाली. लिटल अंदमानला पाच वेळा जाऊन आले आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातल्या माणसाला लाटेची ओढ लागावी याचं मला मनापासून कौतुक आहे, म्हणून उत्तर थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा.

तुम्ही बोर्ड, तलाव आणि तारखा यांबद्दल विचारलंत. मला त्यामागे एकच प्रश्न दिसतो: पाण्यात काही बिघडलं, तर तुम्हाला बाहेर कोण काढणार? चेन्नईजवळच्या एखाद्या किनाऱ्यावर तुम्ही प्रवाहात सापडलात, तर शिकवणारा शेजारी असतो, दोन-चार जुने सर्फर पाण्यात असतात आणि कोळ्यांच्या बोटी नजरेच्या टप्प्यात असतात. रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. लिटल अंदमानच्या बटलर बे या किनाऱ्यावर सकाळी सहाला तुम्ही, तुमचे दोन मित्र आणि झाडी, याशिवाय कुणी नसतं. बेटावरचं मुख्य गाव हट बे, त्याची जेटी तिथून चौदा किलोमीटर. तिथे दवाखाना आहे, पण मोठं ऑपरेशन किंवा डोक्याचा मार असेल तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. त्या शहराचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम झालं आहे, बोलण्यात अजून जुनंच आहे. जहाजाने तिथे पोचायला सहा ते आठ तास लागतात आणि हवा बिघडली की जहाज सुटतच नाही. रिकामा किनारा म्हणजे हे सगळं. ज्याला लाट येते त्याला त्या रिकामेपणाचं सुख मिळतं. शिकणाऱ्याला आजूबाजूला माणसं लागतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली लाट लिटल अंदमानला घेऊ नका. तिथे जरूर जा, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तिथला पाण्याचा माहीतगार शिक्षक पूर्ण वेळ सोबत असेल, लाट कमरेएवढी असेल आणि तुम्ही वाळूच्या तळावरच राहणार असाल, तर बटलर बेला नवशिक्यालाही उभं राहता येतं, मी स्वतः तसे लोक पाहिले आहेत. या तिन्हींतलं एक जरी कमी असेल, तर माझं उत्तर नाही असंच आहे.

आता हिप्परग्याबद्दल. तलावातली लाट आणि बेटावरची लाट या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. एका लाटेचा माथा गेल्यापासून पुढचा माथा येईपर्यंत जो वेळ जातो त्याला सर्फर पीरियड म्हणतात. हिप्परग्यावर वारा सुटला की दोन सेकंदांच्या लाटा उठतात, माथ्यापासून माथ्यापर्यंत फार तर सहा मीटर. चेन्नईच्या किनाऱ्यावर स्थानिक वाऱ्याने उठलेली लाट सहा-सात सेकंदांची असते. लिटल अंदमानला मोसमात येणारी चांगली लाट बारा ते सोळा सेकंदांची असते. ती जवळच्या वाऱ्याने उठलेलीच नसते. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, चाळीस-पन्नास अंश अक्षांशांवर जी मोठी वादळं फिरतात, तिथे तिचा जन्म होतो. वादळ तिथेच राहतं, लाट निघून येते. अशा लांबून आलेल्या लाटेला स्वेल म्हणतात.

हिशेब करून पाहा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पीरियडचा वर्ग करून त्याला 1.56 ने गुणायचं. चौदा सेकंदांच्या लाटेची लांबी 306 मीटर येते. असा लाटांचा घोळका ताशी जवळपास 40 किलोमीटरने सरकतो. वादळ सहा हजार किलोमीटर दूर असेल, तर लाट बेटाला लागायला सहा-साडेसहा दिवस लागतात. हे लक्षात आलं की दोन गोष्टी उलगडतात. एक, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही समुद्र मोठा असू शकतो, त्यामुळे हवा बघून समुद्राचा अंदाज बांधता येत नाही. दोन, अंदाजाच्या अॅपवर नुसती लाटेची उंची बघून भागत नाही. एक मीटर उंचीची सहा सेकंदांची लाट आणि एक मीटरचीच चौदा सेकंदांची लाट यांच्या जोरात दुपटीहून जास्त फरक असतो. शिवाय लांब पीरियडची लाट उथळ पाण्यात आल्यावर जास्त उंच होते. अॅपवर एक मीटर वाचून गेलेला माणूस पाण्यात डोक्याएवढी भिंत बघतो, ती यामुळे.

दुसरी अडचण अशी की लाटा सारख्या अंतराने येत नाहीत. घोळक्याने येतात, त्याला आम्ही सेट म्हणतो. पाच-सहा मोठ्या लाटा येतात आणि मग दहा-पंधरा मिनिटं पाणी असं निवतं की तलावच वाटावा. नवखा माणूस नेमका त्या शांत वेळात किनाऱ्यावर पोचतो, खूश होतो आणि बोर्ड घेऊन आत शिरतो.

आता तळाचं. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट फुटते तेव्हा खाली सव्वा मीटरच्या आसपास पाणी असतं. वाळूचा किनारा हळूहळू उथळ होत जातो, त्यामुळे लाट सावकाश कोसळते, फेसाळत येते आणि तुम्ही पडलात तर वाळूवर पडता. प्रवाळाचा कट्टा मात्र खोल पाण्यातून एकदम वर येतो. पूर्ण वेगात आलेली लाट त्याला अडखळते आणि तिचा माथा पुढे फेकला जातो. तुम्ही जे पाहिलंत ते 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग. ते फ्रान्सपासून पंधरा हजार किलोमीटरहून लांब, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर तेआहुपो इथे झालं होतं. ती लाट इतकी गोल, पोकळ वळते, कारण खोल समुद्र संपून लगेच प्रवाळ सुरू होतो. तिथे पुरुषांचं सुवर्णपदक कौली वास्तला मिळालं. तो ताहितीचाच, त्याच पाण्यात वाढलेला. जगभरातले कसलेले सर्फर समोर असताना तो जिंकला, यावरून एका जागेची ओळख असण्याला किती मोल आहे ते कळतं.

लिटल अंदमानला दोन्ही प्रकार आहेत. बटलर बे पूर्व किनाऱ्यावर, तळ वाळूचा. नैऋत्येकडून आलेल्या लाटेला बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून तिथे यावं लागतं. या वळणात तिचा जोर कमी होतो, म्हणूनच ती जागा त्यातल्या त्यात सोसवणारी आहे. जी नावाजलेली ठिकाणं आहेत, उदाहरणार्थ कुमारी पॉइंट, ती प्रवाळावरची. लाटा सुंदर, लांबवर धावणाऱ्या, आणि खाली धारदार तळ. चार दिवस बटलर बेला उभं राहायला जमलं की नवशिक्याला प्रवाळाकडे जावंसं वाटतं. फसगत तिथे होते.

माझी झालेली सांगते. दुसऱ्या खेपेला मी आणि एक मैत्रीण अशा एका प्रवाळाच्या जागी गेलो होतो. सकाळची भरती उतरत होती. दोन छान लाटा मिळाल्या म्हणून मी आणखी एक, आणखी एक करत थांबले. तासाभरात पाणी गुडघ्याने कमी झालं होतं आणि वरून ते कळत नव्हतं. तिसऱ्या लाटेवर बोर्डाचं टोक रुतलं, मी पुढे पडले आणि सवयीने पाय खाली टेकवला. उजव्या तळव्याला तीन बोटं लांब चीर पडली. त्या वेळी दुखलंही नाही. जिथे उतरले होते तिथल्या बंगाली काकूंनी पाणी उकळून, निववून दिलं. मी जखम नुसती धुतली, घासली नाही, कारण घासणं सहन होईना. प्रवाळाचे बारीक कण आत राहिले. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजून चप्पल जाईना, रात्री ताप भरला. वारा वाढल्यामुळे दोन दिवस जहाज सुटलं नाही. पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर डॉक्टरांनी चीर उघडून साफ केली आणि पुढचे तीन आठवडे मी पाण्यात पाय घातला नाही. जखम तशी किरकोळच होती. मदत लांब असल्यामुळे ती मोठी झाली. तेव्हापासून माझ्या पिशवीत निर्जंतुक सलाईन, मऊ ब्रश, अँटिसेप्टिक आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं अँटिबायोटिक असतं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय मी कुणालाही नेत नाही.

आता तयारी. यातली बरीच सोलापुरात होते, हे तुम्हाला सांगताना मला आनंद होतो.

चाळीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, हे चांगलंच आहे. पण तलावात दर पंचवीस मीटरला भिंत मिळते, पाय मारून विसावा मिळतो, तळ दिसतो, गॉगल असतो. समुद्रात यातलं काहीच नसतं. तेव्हा असं करा: गॉगल काढून ठेवा. टी-शर्ट घालून पोहा. भिंतीला हात न लावता, मधूनच वळून चारशे मीटर पोहा आणि लगेच दहा मिनिटं खोल भागात उभ्याने तरंगत राहा. त्या दहा मिनिटांत श्वास शांत राहिला पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याला मी समुद्रात कमरेच्या पुढे नेत नाही, मग त्याचा वेग कितीही असो. तुमच्या दोन्ही मित्रांनाही हीच कसोटी लावा. तिघांतला एक कच्चा असला की उरलेल्या दोघांचा जीव त्याच्यामागे धोक्यात येतो.

गावाकडची विहीर असेल तर आणखी बरं. विहिरीच्या मधोमध माणूस एकटा असतो, खाली काळं पाणी, तळाचा पत्ता नाही. पहिल्या मिनिटाला छातीत जे धडधडतं, तेच समुद्रात होतं. त्याची ओळख इथेच करून घ्या. मात्र वर येण्याच्या पायऱ्या धड आहेत ना ते आधी बघा आणि काठावर दोर घेऊन कुणीतरी बसलेलं असू द्या. पाण्याखाली श्वास कोंडण्याची पैज एकट्याने कधीही लावू नका. माणूस पाण्यात आवाज न करता बेशुद्ध होतो, चांगले पोहणारेही असेच जातात. श्वासाचा सराव करायचाच तर मैदानावर चालताना करा. लाटेखाली नवशिक्या जेमतेम पाच ते दहा सेकंद राहतो. तेवढ्या वेळात धडपड न करता डोकं दोन्ही हातांनी झाकायचं आणि मनात सावकाश दहा मोजायचे, एवढंच शिकायचं असतं. वर येताना एक हात डोक्यावर धरायचा, कारण बोर्ड तुमच्या डोक्यावरच तरंगत असतो.

सर्फिंगमध्ये पाण्यातला निम्मा वेळ पालथं पडून हातांनी वल्हवण्यात जातो. प्रत्यक्ष लाटेवर उभं असणं तासाभरात दोन-तीन मिनिटंच. म्हणून खांदे आणि पाठ तयार करा. पायांत फोम धरून फक्त हातांनी पन्नास पन्नास मीटरच्या दहा खेपा, आठवड्यातून तीनदा. उभं राहण्याचा सराव घरात होतो. फरशीवर खडूने साडेआठ फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी बोर्डाची आकृती काढा, त्यावर आपली सोलापुरी चादर चौघडी घालून बरगड्यांखाली येईल अशी पसरा, पालथे झोपा आणि एका झटक्यात उभे राहा. गुडघा टेकवायचा नाही, नजर पायांकडे न्यायची नाही. चादर यासाठी की नुसत्या फरशीवर दुसऱ्या दिवशी बरगड्या दुखतात आणि सराव सुटतो. रोज तीस वेळा, दोन महिने. माझ्या हाताखालून गेलेल्या लोकांत, ज्यांनी हे घरून केलं होतं ते पहिल्याच दिवशी फेसाच्या लाटेवर उभे राहिले.

हिप्परग्यावर बोर्ड मिळाला आणि रीतसर परवानगी असली तर वल्हवण्याचा सराव होईल, लाटेचा होणार नाही. उजनीच्या फुगवट्यात जाणार असाल तर लाइफ जॅकेट घालूनच. 2024 च्या मे महिन्यात तिथे वळवाच्या वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडचं पाणी घटकाभरात कसं फिरतं ते विसरू नका.

दुसरा टप्पा चेन्नईजवळचं कोवलम. केरळचं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला महाबलीपुरमच्या रस्त्यावरचं. सोलापूर मुंबई-चेन्नई मार्गावरच आहे, रात्रीच्या गाडीत बसलात की दुसऱ्या दिवशी चेन्नई. तिथून तासाभरात कोवलम. शिकवणारी बरीचशी मुलं कोळ्यांच्या घरातली आहेत, त्यांनी पाणी लहानपणापासून वाचलेलं आहे. शिक्षणाच्या शुल्कापेक्षा मला त्यांची ही नजर मोलाची वाटते. पश्चिम किनारा हवा असेल तर कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की आहे, आपल्या देशात सर्फिंगचं शिक्षण जिथे सुरुवातीला रुजलं त्यातलं एक गाव. कुठेही जा, पण सलग सहा-सात दिवस राहा आणि काही महिन्यांनी पुन्हा तितकेच दिवस जा. दोन दिवसांच्या धावत्या भेटीत शरीर फक्त दुखतं. दुसऱ्या खेपेच्या शेवटी जर तुम्ही फुटलेल्या लाटांच्या पलीकडे स्वतः जाऊ शकत असाल, न फुटलेली लाट स्वतः निवडून तिच्यावर तिरके धावू शकत असाल आणि लीश, म्हणजे पायाला बांधलेली बोर्डाची दोरी, तुटल्यावरही पोहत परत येऊ शकत असाल, तर अंदमानचं तिकीट काढा.

तारखांबद्दल. मे नको, निदान मेचा दुसरा पंधरवडा तर नकोच. तिथला सर्फिंगचा चांगला काळ साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत. तेव्हा दक्षिणेकडून स्वेल येऊ लागते आणि वारा अजून मंद असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मान्सून अंदमानात पोचतो. आपल्याकडे ती बातमी आली की घराघरांत बियाण्याचं बोलणं सुरू होतं. त्याच दिवशी तिथे समुद्र खवळलेला असतो आणि जहाजांचं वेळापत्रक कोलमडलेलं असतं. शिवाय मे हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही महिना. दहा दिवसांची रजा असेल तर त्यातले तीन दिवस जहाजासाठी हाताशी ठेवा. परतीचं विमान हट बे सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

तारीख ठरवताना पंचांग जवळ घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते आणि अंदमानात त्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, फरक बराच कमी. नवशिक्याने अष्टमीच्या दोन्ही बाजूंचे तीन-चार दिवस पकडावेत, पाणी फार वरखाली होत नाही आणि प्रवाहही सौम्य असतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर आज विसंबू नका. माझी ती चीर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची होती.

वाऱ्याचं सोपं आहे, शाळेत शिकलोच आहोत. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो लाटेला समोरून धरून ठेवतो आणि तिचा चेहरा गुळगुळीत होतो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि पाणी विस्कटतं. अंदमानात एप्रिलमध्ये पाचच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे आपल्या घड्याळाच्या सवयी तिथे चालत नाहीत.

बटलर बेला पोचल्यावर मी काय करते ते सांगते, कारण सगळ्या शिक्षणाचा अर्क त्यात आहे. बोर्ड वाळूवर उलटा ठेवते, फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाची पाती, वर. घड्याळ बघते आणि पाठ झाडाला टेकून पाऊण तास बसते. एक सेट येतो, त्यातल्या लाटा मोजते. किती मिनिटांनी दुसरा आला ते लिहून ठेवते. पहिली लाट कुठे फुटली, शेवटची कुठे, सगळ्यात बाहेरची रेघ कुठली ते बघते. मग फेसाकडे पाहत राहते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. जिथून जातं तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद दिसतं आणि फेसाचे ठिपके, काटक्या बाहेर सरकत असतात. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो तिथूनच शिरतो. त्याला रिप म्हणतात. मागच्या खेपेला सोबतच्या एका मुलाने बसल्या बसल्या एक सुकी शहाळ्याची कवटी त्या पट्ट्यात फेकली. आम्ही बघत राहिलो. जेमतेम दोन मिनिटांत ती फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेली होती. त्यानंतर त्याला रिप समजावून सांगावी लागली नाही.

सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. बोर्ड सोडू नका, तीच तुमची होडी आहे. पालथे पडा, किनाऱ्याला समांतर वल्हवा, लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्यासोबत आत या. प्रवाळाच्या जागी पाणी कट्ट्यामधल्या खिंडीतून परत जातं आणि तिथली ओढ जास्त असते, हे आणखी एक कारण की तिथे घाई नको. पडताना सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, जमेल तितकं पाण्याच्या वरच्या थरात पडायचं.

थोडं पाण्यापलीकडचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. 2010 मध्ये अंदमानातल्याच हॅवलॉक बेटावर एका परदेशी पर्यटक मुलीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. खाडीच्या मुखाजवळ, पावसानंतर गढूळ झालेल्या पाण्यात आणि अंधुक उजेडात उतरायचं नाही. म्हणूनच पाचला उजाडत असलं तरी मी साडेसहाशिवाय पाण्यात पाऊल ठेवत नाही. निघण्याआधी गावात विचारा, फलक वाचा. जमिनीला जोराचा आणि लांबलेला हादरा बसला तर सामान सोडून उंच जागी पळा. 2004 च्या त्सुनामीने हट बेची काय दशा केली ते तिथली माणसं अजून सांगतात.

याच बेटावर ओंगे लोक राहतात. सगळे मिळून शे-सव्वाशे माणसं उरली आहेत. त्यांच्या राखीव भागात जायला कायद्याने बंदी आहे, 1956 पासूनचा नियम आहे. लाट चांगली दिसते म्हणून होडी करून त्या बाजूच्या किनाऱ्याला लागायचं नाही, फोटोसाठीही नाही. आपल्या सर्दी-खोकल्यानेही त्यांचं नुकसान होऊ शकतं. या बाबतीत मी कुणाचीच सबब ऐकत नाही. प्रवाळ उचलून आणणंही गुन्हा आहे.

बोर्डाचं शेवटी, कारण ते खरोखर शेवटचं आहे. आत्ता विकत घेऊ नका. शिकताना फोमचा, आठ-नऊ फुटी, शाळेचाच वापरा. पहिल्या बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये निदान तुमच्या किलोतल्या वजनाइतकं तरी असावं, थोडं जास्तच बरं. रेल्वे, विमान, जहाज असा बोर्डाचा प्रवास वाटतो त्याहून कटकटीचा असतो. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, प्रवाळासाठी तळ असलेले पाण्यातले बूट आणि जाडसर सनस्क्रीन घ्या. चव्वेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं उन्हाचं आपल्याला काय. पाण्यावरून परतलेलं ऊन गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर असं भाजतं की रात्री पालथंच झोपावं लागतं. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोबत घ्या. जहाज अडकलं त्या दोन दिवसांत आम्हाला त्याच पुरल्या होत्या, आणि बंगाली काकूंनी चटणीची कृती लिहून घेतली.

आता तुम्ही एवढं करा. या रविवारी तिघांनी मिळून ती चारशे मीटर आणि दहा मिनिटांची कसोटी घ्या, गॉगलशिवाय. कुणाचं काय झालं, श्वास कितव्या मिनिटाला चढला आणि तिघांची वजनं किती, ते इथेच लिहा. त्यावरून कोवलमला कधी जावं आणि पहिल्या आठवड्यात कोणता बोर्ड मागावा ते सांगते.